जीपचा अ‍ॅक्सल : आधी पुढचा की मागचा?

बेळगावाहून जांबोटीच्या पलीकडे आमची थोडी शेती आहे. डांबरी रस्ता सोडला की लाल मातीची वाट लागते, मध्ये एक नाला आडवा येतो आणि नाल्यापलीकडे छातीवर येणारा चढ. जून ते सप्टेंबर या वाटेवर जुनी जीपच काय ती चालते. आणि ती चालते म्हणूनच आमच्या वृद्ध काकूंना पावसाळ्यातही शेतावरच्या घरी राहण्याचा हट्ट पुरा करता येतो.

गेल्या वर्षीच्या आषाढात त्या चढावर आम्हांस एक धडा मिळाला. गाडी बंधू चालवीत होते. मागच्या बाकावर वहिनी व दोन मुले. चढाच्या मध्यावर कट्‌कन आवाज झाला, जीप मागे उजवीकडे कलली, आणि पाहतो तो चाक ड्रमासकट निखळून बाहेर आलेले. बंधूंनी ब्रेक दाबला, तर पाय थेट फळीला टेकला. त्यांनी हँडब्रेक ओढला, आणि मागे घसरू लागलेली जीप कशीबशी थांबली. खाली उतरल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, इथून पुढे आम्ही चालतच येतो."

दोष गाडीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या टायरांची हौस आमची, आणि हबचा नट वर्षभर तपासला नाही हा आळसही आमचाच.

आता प्रश्न आला खर्चाचा. मिस्त्रीच्या भाषेत अ‍ॅक्सल म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा पोलादी दांडा. आम्हीही येथे त्याच अर्थाने तो शब्द वापरतो. असे दांडे चार : दोन पुढे, दोन मागे. मागे तात्पुरती जुनी जोडी बसवून घेतली होती. भक्कम जोडी घ्यायची तर पैसे एकीपुरतेच होते. बंधूंचे मत पडले, पुढची आधी. "आपण वाचलो ते पुढच्या अ‍ॅक्सलमुळे," हा त्यांचा युक्तिवाद. सुट्या भागांच्या दुकानदारानेही मान डोलावली : मोठ्या टायरांवर पुढचेच जास्त तुटतात. मिस्त्री मात्र हसले. म्हणाले, "काका, किती वेळा तुटतो ते विचारू नका. तुटल्यावर काय होतं ते विचारा."

या एका वाक्याने आमचा विचार फिरला. दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते. पुढच्या दांड्याला चाकाजवळ क्रॉसचा सांधा असतो. चाक पूर्ण वळवून जोर दिला की सगळा ताण त्या सांध्याच्या कानांवर येतो आणि तेथेच तो मोडतो. विशेषतः चिखलातून रिव्हर्समध्ये बाहेर पडताना. पण पुढे गाडीचे वजन दांडा वाहत नाही. ते स्पिंडलवर असते. दांडा फक्त चाक फिरवितो. तो मोडला तर फ्री-व्हील हब सोडावा आणि मागच्या चाकांवर घरी यावे.

मागची रचना निराळी. विलीज कंपनीने १९५३ ते १९६८ या काळात काढलेल्या व महिंद्रांनी आपल्या देशात पुढेही चालू ठेवलेल्या सीजे-३बी या नमुन्याच्या जीपला, आणि आमची त्याच वळणाची आहे, मागचा दांडा चाक फिरवितोही आणि वजनही वाहतो. त्याचे बाहेरचे टोक निमुळते. त्यावर हब चावीने व नटाने बसविलेला. नट सैल झाला की चावीच्या खाचेशी बारीक चीर पडते. दांडा तेथे तुटला की हब, ड्रम आणि चाक एकदमच निघून जातात. ड्रम गेला की आतील ब्रेकचे सिलिंडर उघडे पडते, तेल वाहून जाते, आणि जुन्या जीपला ब्रेकच्या तेलाची वाट एकच असल्याने चारही चाकांचा ब्रेक जातो. उरला हँडब्रेक. तो या जीपमध्ये चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचा दांडा तुटला म्हणजे त्याला धरायला मागे चाकच उरत नाही. त्या दिवशी फोर-व्हीलचा दांडा टाकलेला होता, म्हणून हँडब्रेकने पुढची चाके धरली. तो टाकलेला नसता तर काय झाले असते, हे लिहिण्याची आमची इच्छा नाही.

शिवाय चढावर गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे मागच्या जोडीवरचा ताण वाढतोच. पहिला गिअर सुमारे २.८, लो रेंज २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८ : गुणाकार केल्यास इंजिनाचा पीळ दांड्यांपर्यंत सुमारे ३७ पट होऊन पोचतो. टायर जेवढे मोठे, तेवढी चाकाची पकड दांड्याला अधिक पिळते. या जीपचे डिफरन्शियल उजवीकडे सरकलेले असल्याने उजवा दांडा आखूड. आणि आखूड दांडा लांब दांड्याइतका पीळ खाऊन धक्का जिरवू शकत नाही. आमचाही उजवाच गेला.

तुटलेला तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. खाचेपासून निघालेली एक अर्धवर्तुळाकार पट्टी गंजून तांबूस झालेली, उरलेला भाग चकाकता व खरखरीत. तांबूस भाग म्हणजे जुनी चीर. चकाकता भाग त्या दिवशी तुटलेला. वाचकांपैकी ज्यांच्या दारी अशी जीप असेल त्यांनी मागचे ड्रम उतरवून ती खाच एकदा पाहावी. दांडा बाहेर काढल्यास त्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवावी. पुढच्या वेळी ती नागमोडी दिसली तर दांड्याने पीळ धरला आहे असे समजावे.

नवा दांडा घेताना जाडीला महत्त्व आहेच. जाडी १० टक्के वाढली तर पीळ सोसण्याची शक्ती सुमारे ३३ टक्के वाढते. पण पोलाद कोणते, आणि त्याला पाणी कसे दिले, हेही तितकेच महत्त्वाचे. आमच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची वाण नाही, ई.एन. २४ पोलादाचा दांडा ते उत्तम कातून देतील. पण कातलेला दांडा उष्णोपचार न करता बसविला तर तो पिळलेल्या सुंभासारखा होईल.

निमुळते टोक नसलेला एकसंध दांडा मागे बसविण्याचाही सल्ला मिळाला. त्याने चावीची खाच जाते, पण वजन दांड्यावरच राहते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपला मागे 'फुल फ्लोटिंग' रचना होती : वजन हबच्या बेअरिंगांवर, दांडा केवळ फिरविण्यापुरता. बैलगाडीचा आख वजन वाहतो, फिरत नाही. येथे त्याच्या नेमके उलट. असा दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. आम्ही तेच मागे करून घेतले. पैसे तेवढ्यातच संपले.

ज्यांच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी पिन घातलेला एकच मोठा नट दिसतो, त्यांची गत आमच्यासारखी. पुढे आलेला हब आणि त्यावर बोल्टांचे कडे दिसले, तर मागची बाजू बहुधा फुल फ्लोटिंग आहे; त्यांनी बंधूंचे ऐकून पुढच्या जोडीला हात घालण्यास हरकत नाही.

पुढचे दांडे आम्ही मुद्दाम जुनेच ठेवले. सगळेच बळकट केले तर मोडायला उरते ते डिफरन्शियल, आणि ते शेताच्या बांधावर बसून बदलता येत नाही. क्रॉससह एक जादा दांडा बाकाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे.

यंदाच्या श्रावणात तो कामी आला. नाल्यातून मागे घेताना पुढचा डावा क्रॉस गेला. हब सोडले, मागच्या चाकांवर दुसऱ्या बाजूने वळसा घालून शेतावर पोचलो. काकूंनी उशिराचे कारण विचारले तेव्हा वहिनींनीच उत्तर दिले, "काही नाही हो, पुढचा तुटला." त्या अजूनही चढाच्या पायथ्याशी मुलांना घेऊन उतरतात, आम्हीही त्यांना बसून राहण्याचा आग्रह करीत नाही.