सवाई गुजराती काकासाहेब

सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेमार्गावर सचिन आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी स्थिरावली. घरात अहिराणी किंवा मराठी, बाहेर गुजराती, अशीच त्यांची मुले वाढतात. याच परिसरातल्या वांझ गावावरून १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींची तुकडी दांडीकडे गेली. तिच्यात काकासाहेब कालेलकरांचे चिरंजीवही होते. परमुलखात आलेल्या मराठी माणसाने तिथल्या भाषेशी कसे नाते जोडावे, याचे काकासाहेबांइतके मोठे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकरांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्याचा. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बालपण गावोगावी गेले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते शिक्षक झाले, आधी बेळगावात आणि मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात. सरकारी रोषामुळे ते विद्यालय बंद पडले, तेव्हा १९१२ मध्ये ते हिमालयात गेले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत त्यांनी तिथे पायी भ्रमंती केली. पुढे शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि काकासाहेबांचा मुक्काम साबरमतीच्या आश्रमात पडला.

आश्रमातल्या मुलांना शिकवायचे म्हणजे गुजराती हवीच. तिशी गाठलेल्या या मराठी मास्तरांनी ती कामचलाऊ ठेवली नाही, तिच्यात लिहायला घेतले. ‘हिमालयनो प्रवास’मध्ये त्यांची भटकंती आहे. १९२३ मध्ये गांधीजींच्या ‘नवजीवन’ साप्ताहिकातल्या लेखांपायी तुरुंगवास झाला. तिथल्या खारी, मुंग्या, पक्षी आणि झाडे यांच्या सहवासातून ‘ओतराती दीवालो’ हे पुस्तक झाले. ‘स्मरणयात्रा’त सातारा, कारवार, बेळगाव इथले बालपण आले. थोरामोठ्यांच्या आठवणी सांगून मिरवण्याऐवजी त्यांनी घरातल्या धाकट्या दत्तूची भीती, हट्ट आणि कुतूहल मांडले. मुलांना समजेल असे बोलण्याची शिक्षकाची सवय त्यांच्या गद्यात उतरली होती. म्हणूनच मराठी घरातले ते बालपण गुजराती वाचकाला आपले वाटले.

गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे कुलनायकपदही सांभाळले. गुजराती शुद्धलेखनात एकवाक्यता आणण्याचे काम गांधीजींनी ज्यांच्यावर सोपवले, त्यांतही ते होते. त्यातूनच १९२९ मध्ये विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’ निघाला. बाहेरून आलेल्या माणसाला घरच्या भाषेचे नियम ठरवायला बसवावे, हा विश्वास त्यांनी कष्टाने कमावला होता. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. १९६४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९६५ मध्ये ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती निबंधसंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मराठीतही ते लिहीत राहिले. गुजराती आपली केली म्हणून मराठी दुरावली, असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

सचिन, उधना, लिंबायतमधल्या मराठी आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. गुजराती शाळेत जाणाऱ्या तुमच्या मुलांच्या हाती ‘स्मरणयात्रा’ द्या आणि संध्याकाळी त्यांच्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या. सातारा-बेळगावचे ते बालपण त्यांच्या तोंडून ऐका. मग तुमच्या गावचे, तुमच्या लहानपणचे त्यांना आपल्या बोलीत सांगा आणि वहीत लिहून ठेवायला लावा.