हौसेचाही शीण येतो

तेरच्या बाजूच्या एका खेड्यातील गृहस्थ ऐन श्रावणात दवाखान्यात आले. वय 42. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करून देण्याचे छोटे दुकान. तक्रारी नेहमीच्याच होत्या. डोके जड राहते, छातीत जळजळते, मान आणि उजवा खांदा दुखतो, झोप लागत नाही. रक्तदाब 150/96 भरला. मी कागद पुढे ओढला, तेवढ्यात बरोबर आलेली त्यांची पत्नी म्हणाली, "साहेब, ह्यांनी परवा पोराला मारलं. पोरगं डब्यावर ठेका वाजवत बसलं होतं, बाकी काही नाही. आजवर कधी हात उचलला नव्हता."

गृहस्थ खाली मान घालून बसले होते. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे हे एकटेच. वीस वर्षे वाजवतात आणि त्याचा एक पैसाही घेत नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पखवाज दिसला की पोटात गोळा येतो, डॉक्टरसाहेब. पण गोरोबाकाकांच्या मुलखात राहून भजनाचा कंटाळा आला म्हणायचं कुणाला?"

(ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

असे रुग्ण मला वर्षाकाठी चार-दोन तरी भेटतात. कुणी पेटीवाला असतो, कुणी हौशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा तरुण, कुणी महिला भजनी मंडळाची चाल सांगणारी बाई. येतात ते पित्त, पाठदुखी किंवा निद्रानाश घेऊन. वाद्याचा विषय स्वतःहून कोणीच काढत नाही, कारण हौसेच्या गोष्टीचा त्रास होतो हे सांगायचीच लाज वाटते. नोकरीचा कंटाळा आला, शेतीचा आला, तर चारचौघांत बोलता येते. हौसेबद्दल तक्रार केली तर लोक म्हणतात, "मग सोड की! तुला कोणी बोलावलंय?"

या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. आपल्याकडे 'जीव विटला' असा चांगला शब्दप्रयोग आहेच. हा इंग्रजी शब्द वैद्यकात आला त्याची हकिकत आपल्या पखवाजवाल्याच्या उपयोगाची आहे. न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात सेवा देत असत. तिथे आपणहून काम करायला आलेली उत्साही माणसे काही महिन्यांत चिडचिडी, थकलेली, कोरडी होत गेलेली त्यांनी पाहिली. स्वतःलाही त्यांनी त्याच रांगेत धरले आणि 1974 साली त्यावर लेख लिहिला. म्हणजे हा शब्द ज्यांना पाहून रुजला, त्यांतले कितीतरी जण पगारासाठी नव्हे, आपल्या खुशीने राबणारे होते. पुढे ख्रिस्तिना मास्लाक या संशोधक बाईंनी त्याची तीन अंगे सांगितली. अंगातले त्राण संपणे हे पहिले. ज्या माणसांसाठी आपण राबतो त्यांच्याविषयी मन कडवट होणे हे दुसरे. आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे असे वाटेनासे होणे, हे तिसरे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण रोग म्हणून नव्हे, नोकरी-व्यवसायातील ताणाचा परिणाम म्हणून. आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये असेही तिथे म्हटले आहे. त्या व्याख्येत आमचे पखवाजवाले बसणार नाहीत. मला ही मर्यादा खेड्यापाड्यांच्या बाबतीत पटत नाही. ज्याच्यावाचून गावाचे अडते आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, ते काम फुकट केले तरी कामच आहे.

मी त्यांना कागद दिला आणि वर्षाचा हिशेब मांडायला लावला. एकादश्या 24. कार्तिकातला काकडा एक महिना, रोज पहाटे साडेचारला. गावचा सप्ताह 7 दिवस. शेजारच्या दोन गावांत पखवाजवाला नाही, त्यांच्या सप्ताहांचे 14 दिवस. आणि आदल्या वर्षात गावात 11 मयती झाल्या, त्या घरची भजने. बेरीज 86 झाली. म्हणजे साधारण दर चार दिवसांनी एकदा रात्र किंवा पहाट मोडायची, आणि सकाळी नऊला दुकानाचे शटर वर करायचे. पेरणी झाली की पाऊस ओढ देतो, मोटारी जळतात, शेतकरी दारात उभे राहतात. नेमका तोच चातुर्मास. बेरीज पाहून ते स्वतःच चकित झाले. "मला वाटलं तीस-चाळीस असतील," म्हणाले.

मयतीच्या घरची भजने सर्वांत अवघड. सप्ताहाला एखादे वेळी तब्येतीची सबब सांगता येते. पण ज्याचा बाप काल गेला, त्याच्या दारात रात्र काढायला मंडळ निघाले असताना पखवाजवाला घरी झोपला, हे गाव विसरत नाही. तो स्वतःही विसरत नाही. त्यामुळे अंगात ताप असला तरी तो जातो, आणि जाताना मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेतो.

त्या गोळीबद्दल इथेच सांगतो. आमचे गृहस्थ प्रत्येक भजनाआधी एक गोळी घेत होते, कधी मध्यरात्री दुसरी. वर रिकाम्या पोटी तीन-चार कप चहा आणि जागे राहण्यासाठी तंबाखूचा बार. ही वेदनाशामके वारंवार घेतली तर जठराला जखम होते, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडावर भार पडतो. त्यांची जळजळ आणि वाढलेला रक्तदाब यांत गोळीचा मोठा वाटा असावा, अशी मला तेव्हाच शंका आली. डॉक्टरला न विचारता ही गोळी रोजची करू नका. आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून ती मनाने बंद करू नका. दोन्ही चुका मी रोज पाहतो.

शरीराचा भाग झाला. पण नुसत्या जागरणाने माणूस इतका कडवट होत नाही. मी खोदून विचारल्यावर खरे निघाले. आठला जमायचे ठरले की हे पावणेआठला देवळात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची, गठ्ठे ठोकून सूर मिळवायचा, पेटी कपाटातून काढायची, माइकची वायर जोडायची. टाळकरी येतात साडेआठ-नऊला. एक गायक नेहमी झेपणार नाही अशा पट्टीत सुरू करतो आणि तिसऱ्या अभंगाला आवाज फाटला की लय ओढल्याबद्दल पखवाजाकडे बघतो. एकाचा टाळ वर्षानुवर्षे मागे पडतो. त्याला सांगायची सोय नाही, तो वयाने मोठा. सप्ताहात कीर्तनकार महाराजांना पाकीट मिळते, साथीला बसलेल्याला नारळ आणि टोपी-टॉवेल. "मला पैसे नकोत," ते दोनदा म्हणाले. मला त्यांचे खरे वाटते. पण वायर गुंडाळायला तरी कोणी थांबावे, एवढी त्यांची अपेक्षा होती.

हौशी मंडळात सर्वांत जास्त त्रास ज्याचा कान चांगला त्याला होतो. ज्याला बेसूर कळत नाही तो आनंदात घरी जातो. ज्याला कळते, त्याच्या मनात एक भजन वाजत असते आणि कानावर दुसरेच पडत असते. व्यावसायिक कलावंताला निदान साथीदार बदलता येतो. गावात साथीदार बदलता येत नाहीत, ते भाऊबंद असतात. हे वर्षानुवर्षे गिळले की ते कुठेतरी बाहेर पडते, आणि बहुधा ज्याचा काही दोष नाही अशा माणसावर. त्या घरात ते डबा वाजवणाऱ्या पोरावर पडले.

मी स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात असताना गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवत असे. तालमीची वेळ मी ठरवायची, खोलीची किल्ली मीच आणायची, आणि कार्यक्रमाच्या दिवशी गाणे कोणी म्हणायचे यावरून भांडण. शेवटच्या वर्षी पेटी बंद केली ती जवळजवळ वीस वर्षे उघडली नाही. तेव्हा मला वाटले, माझी आवडच तेवढी नव्हती. आज तसे वाटत नाही.

महिला मंडळांचे वेगळेच आहे. त्यांचे भजन दुपारी असते, म्हणून जागरण नाही. पण दोनला देवळात बसायचे तर त्याआधी घरचा स्वयंपाक, धुणे, शेतावरचा डबा उरकावा लागतो, आणि परतल्यावर 'झालं का गाणं-बजावणं' हे ऐकावे लागते. त्यांच्या रक्ताची तपासणी मी आवर्जून करतो. थकवा म्हणून आलेल्या कितीतरी बायकांचे हिमोग्लोबिन कमी निघते.

ही गोष्ट सर्वांनाच लागू आहे. 'जीव विटला' असे ठरवण्याआधी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावे. रक्तदाब एकदा मोजून भागत नाही, दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी मोजावा. कानांचेही पाहावे. ध्वनिक्षेपकाच्या भोंग्यापाशी बसणाऱ्यांच्या कानात रात्रभर गुंइं आवाज राहतो आणि झोप उडते. 85 डेसिबलचा आवाज कान साधारण आठ तास सोसतो. त्यापुढे प्रत्येक 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटे. भोंग्याचे तोंड वादकांच्या पाठीशी नको, एवढे मंडळाने पाहिले तरी बराच फरक पडतो.

दुसरी काळजी नैराश्याची. विटलेल्या माणसाला भजन नको असते, पण शेतात गेला, मित्र भेटले, मुलीचा निकाल लागला की तो खुलतो. नैराश्यात कशातच मन लागत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणे, भूक-झोप बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही त्याची लक्षणे. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी मनात आला, तरी आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे या. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते. आमच्या गृहस्थांना मी हे सर्व स्पष्ट विचारले. तसे काही नव्हते. दुकानातले काम त्यांना अजून आवडत होते.

मग उपाय काय केला? पखवाज सोडा असे मी सांगितले नाही. ज्या गोष्टीने वीस वर्षे माणसाला उभे केले ती एका फटक्यात काढून घेतली तर तिथे पोकळी राहते, आणि ती कशाने भरेल सांगता येत नाही. मी दोन महिन्यांची रजा लिहून दिली. अगदी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मंडळाच्या अध्यक्षांना दाखवायला कागद लागतो. तोंडी सांगितले तर कोणी ऐकत नाही. रजेत रोज सात तास झोप, वेदनाशामक बंद, तंबाखू कमी करत बंद, खांद्याचे व्यायाम. शेजारगावचे दोन्ही सप्ताह कायमचे बंद. परत सुरू करताना भजन रात्री 10 ला संपवायचे. ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहेच (काही ठराविक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तेवढे सोडून); तो मोडण्याऐवजी त्याचा आधार घ्यावा. सामान काढणे-ठेवणे पाळीने. आणि दुसरा पखवाजवाला तयार करायचा, कितीही कच्चा असला तरी.

सगळे सुरळीत झाले असे नाही. रजेचा कागद पाहून मंडळात कुजबुज झाली. दोन एकादश्या नुसत्या टाळांवर निघाल्या. रजेतच एका मयतीच्या घरी ते गेलेच. मीही काही बोललो नाही. दोन महिन्यांनी रक्तदाब 134/86 होता आणि जळजळ थांबली होती. त्याचे श्रेय गोळी बंद होण्याला किती आणि झोपेला किती, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही.

कार्तिकात काकड्याला एक दिवसाआड ते बसले. मधल्या दिवशी अकरावीतला एक मुलगा बसायचा. त्याची लय पळते. "पळू दे," असे ते स्वतः म्हणाले तेव्हा मला बरे वाटले. पाळीचा नियम मात्र दिवाळीपर्यंतच टिकला. वायर पुन्हा तेच गुंडाळतात.

घरातल्या पोराने अजून डब्याला हात लावलेला नाही. पुढच्या वेळी येताना त्यालाही बरोबर आणा, असे मी सांगितले आहे.