हजेरीवर नाव आहे का?

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून वेरूळमध्ये अनेकांची सुट्टी मंगळवारी असते. रविवार मात्र कामाचा. लेण्यांपुढे गाड्यांची रांग, घृष्णेश्वराला दर्शनाची रांग आणि हॉटेलांच्या भट्ट्या सकाळपासून पेटलेल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. वार कोणताही असो, आठवड्याला एक सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, हे तेव्हापासून आपल्याकडे रुजत गेलं. पण ज्याचं नाव कुठल्याच हजेरीवर नाही, त्याने हा हक्क मागायचा कुणाकडे?

या भागातल्या एखाद्या घरात डोकावलं, तर थोरला वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेला दिसतो. मधला धाब्यावर असतो, धाकटा शहरात मोटारसायकलवर पार्सलं पोचवतो आणि घरातल्या बाया कधी शेतात, कधी बांधकामावर जातात. एका घरात चार तऱ्हेची कामं असतात, पण नेमणुकीचा कागद बहुधा एकाकडेही नसतो.

नव्या संहितांनी काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. कामगार संघटनांचा त्यांना विरोध आहे आणि तो अकारण नाही. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला घ्यावी लागे. आता ती मर्यादा ३०० वर गेली आहे. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची कमाल वेळ ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं त्यात म्हटलं आहे. पण उद्या कामावर घेतील की नाही याचीच ज्याला धास्ती, तो नाही कसा म्हणणार?

तरीही या संहितांमधल्या काही तरतुदी घट्ट धरून ठेवाव्यात अशा आहेत. किमान वेतन आता ठरावीक व्यवसायांपुरतं उरलेलं नाही, ते सर्वांना लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि काम सुटलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता झाला पाहिजे. जादा तासांना दुप्पट दर आहे. थेट मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. घरपोच सेवा देणारी मुलंही सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात प्रथमच आली आहेत. त्यांच्यासाठीच्या निधीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम भरायची आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाच्या तरतुदी दोन. पहिली नेमणूकपत्राची सक्ती. दुसरी अशी की, मजुरी बुडवल्याची तक्रार झाली तर ती दिली होती हे मालकाने सिद्ध करायचं, आणि ही तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. पण ‘हा माझ्याकडे कामालाच नव्हता’ असं मालक म्हणाला, की दुसरी तरतूद पांगळी होते. तिथे पहिलीच कामी येते.

ठेकेदार बदलतो तेव्हा

वाळूजच्या कंपन्यांत ठेकेदारामार्फत काम केलेल्या कुणालाही विचारा. ठेका बदलला तरी मशीन तेच असतं, पाळी तीच असते, सुपरवायझरही तोच असतो. गळ्यातलं ओळखपत्र तेवढं नवं येतं आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. या सगळ्यात टिकून राहणारी एक गोष्ट म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन क्रमांक. ठेकेदार कितीही बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. त्याचं पासबुक मोबाइलवर दिसतं. पगारातून कापलेले पैसे त्यात दर महिन्याला जमा होतात का, हे पाहत राहावं. त्या नोंदी म्हणजे आपण अमुक काळ अमुक ठिकाणी काम केल्याचा सरकारदरबारचा पुरावा असतो.

धाब्यावरच्या पोराकडे एवढंही नसतं. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा २० आणि कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) १० कामगारांपासून लागू होतो. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही आता मुख्यतः वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथलाच. चार-पाच जणांवर चालणारी हॉटेलं यातून निसटतात. तिथल्या कामगारांनी स्वतःच्या वहीत दिवस, तास आणि मिळालेले पैसे लिहावेत, मजुरी शक्यतो खात्यावर मागावी. वाद झालाच तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

ग्रामसभेने मनावर घेतलं तर

बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केलं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते आणि त्या ९० दिवसांचा दाखला गावचा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) देऊ शकतो. म्हणजे कामाचा पुरावा उभा करण्याची थोडी ताकद गावाच्या हातातही आहे. १ मे रोजी ग्रामसभा भरते आणि कामगार दिनही तेव्हाच असतो. वेरूळच्या ग्रामसभेने त्या दिवशी बांधकाम मजुरांची आणि असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रमची नोंदणी एकत्र करून घ्यावी. गावातल्या प्रत्येक हॉटेल-धाब्यावर हजेरीपुस्तक आणि नेमणुकीचा कागद असावा, असा ठरावही करावा. जगभरातून येणाऱ्या पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या माणसांना आपण कुठे, किती दिवस राबलो हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. एवढं झालं, तरच कायद्यातली बाकीची कलमं त्यांच्या कामाची आहेत.