बटाट्याच्या डोळ्यातली पाकोळी

देहूरोडच्या बाजारातून आणलेला बटाटा चिरावा आणि आत काळसर बोगदा निघावा, हा अनुभव गृहिणींना नवा नाही. ‘किडका निघाला’ म्हणून तेवढा भाग काढून टाकला जातो. पण तो बोगदा खणणाऱ्या अळीचे घराणे सातासमुद्रांपलीकडचे आहे!

बटाट्यावरील पाकोळीची ही अळी. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत, म्हणजे बटाट्याच्याच माहेरी. १९०६ साली इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात उतरली. आज उष्ण हवामानाच्या बहुतेक देशांत ती आढळते. चाकणच्या बाजाराला बटाटा पुरवणाऱ्या खेड-आंबेगावच्या पट्ट्यातही ती ठाण मांडून आहे.

पाकोळी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची. अरुंद, करड्या-तपकिरी पंखांवर गडद ठिपके आणि मागच्या पंखांना केसांची झालर. दिवसा ती दडून बसते, अंधार पडला की उडते. शेतात तिची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते. तंबाखू, टोमॅटो, वांगेही तिला चालते. जमिनीला भेगा पडून बटाटा उघडा पडला, की मादी त्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. अळी आत शिरते आणि डोळ्याशी काळसर विष्ठा साचते.

खरी हानी होते ती साठवणीत. भाव वाढेल या आशेने शेतकरी बटाट्याची अरण लावतो. उन्हाळ्यात सुमारे महिन्याभरात पाकोळीची नवी पिढी तयार होते. पोखरलेला बटाटा सडतो आणि आशेबरोबर भांडवलही जाते. बरे, विषारी पूड मारावी, तर तो बटाटा उद्या कुणाच्या तरी पोराच्या ताटात जायचा!

सुदैवाने साधे उपायही आहेत. वरंब्यांना मातीची चांगली भर द्यावी, पाणी वेळेवर देऊन भेगा पडू देऊ नयेत. काढलेला बटाटा रात्री शेतात उघडा ठेवू नये. किडका माल निवडून काढावा, साठ्यावर वाळलेल्या घाणेरीच्या पाल्याचा थर द्यावा. शीतगृहातल्या थंडीत अळीची वाढ थांबते. शिवाय कोपिडोसोमा नावाची चिमुकली गांधीलमाशी पाकोळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या एका अंड्यातून अनेक माश्या निपजतात आणि अळी आतून संपते.

तेव्हा वर्षाचे बटाटे भरताना प्रत्येकाच्या डोळ्यांकडे नीट पाहावे. एक किडका बटाटा पोत्यात गेला, तर तो एकटा राहत नाही.