पूर्णांकांत मांडलेला भूकंप

कॉन्व्होल्यूशन ही दोन आकडेमालिकांमधली क्रिया आहे. पहिली मालिका म्हणजे ठरावीक अंतराने मोजलेला संकेत, दुसरी म्हणजे त्याला लावायचे भार. प्रत्येक क्षणी ताज्या मोजमापाला पहिला भार, त्याआधीच्याला दुसरा, त्याहीआधीच्याला तिसरा असे गुणायचे आणि सगळे गुणाकार मिळवायचे. मग एक पाऊल पुढे सरकून तेच पुन्हा करायचे. संकेत ४, ८, ६, २ आणि भार १, २, १ असतील तर उत्तर येते ४, १६, २६, २२, १०, २. भारांची बेरीज ४ असल्याने प्रत्येक आकड्याला ४ ने भागले की मूळ संकेताचे गुळगुळीत रूप मिळते.

या क्रियेचे महत्त्व सातारा-सांगलीच्या परिसरात सहज पटते. विट्याहून गुहागर रस्त्याने पश्चिमेला निघाले की कऱ्हाड आणि पाटणनंतर कोयनानगर येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरणातल्या प्रवेगमापकाने त्या धक्क्याची नोंद केली. जमिनीचा प्रवेग धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वाच्या ०.६३ पट, त्याच्या आडव्या दिशेने ०.४९ पट, तर उभ्या दिशेने ०.३४ पट इतका चढला होता. ही नोंद पुढे आकड्यांत उतरवली गेली आणि आज जगभरचे अभियंते काँक्रीटच्या धरणांची संगणकीय चाचणी तिच्या आधारे घेतात. एका क्षणिक धक्क्याने बांधकाम कसे हलते आणि ते हलणे कसे विरते, हे माहीत असेल तर ती झाली भारांची मालिका. जोवर बांधकाम लवचीक मर्यादेत आहे, तोवर तिचे भूकंपाच्या नोंदीशी कॉन्व्होल्यूशन केले की संपूर्ण भूकंपातले हलणे मिळते.

संगणकात ही आकडेमोड दोन प्रकारे होते. फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीत दशांशचिन्हाची जागा प्रत्येक संख्येबरोबर बदलते. फिक्स्ड-पॉइंट पद्धतीत ती आधीच ठरवलेली असते. सर्वांत लहान एकक एकदा निवडायचे आणि पुढचा सगळा हिशेब त्याच्या पूर्ण पटींत ठेवायचा. सोन्याचे जुने वजन याच रीतीचे आहे. १ तोळा म्हणजे १२ मासे, १ मासा म्हणजे ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. विटा, खानापूर, आटपाडी भागातून देशभर गेलेल्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई व्यावसायिकांना ही रीत वेगळी सांगावी लागत नाही. गुंजेत मोजले की अपूर्णांक लिहावा लागत नाही.

१६ बिटांच्या प्रचलित मांडणीत एकक असते १ भागिले ३२,७६८. तिच्यात उणे १ पासून १ च्या किंचित खालपर्यंतच्या संख्या बसतात. ०.३ हा भार ९,८३०.४ एककांचा होतो आणि ९,८३० असा साठवला जातो. त्यातली चूक सुमारे ०.००००१२ असते. ती आधीच कळते, हा या पद्धतीचा मोठा आधार आहे.

अशा दोन संख्यांच्या गुणाकाराला ३२ बिटांची जागा लागते. २५६ गुणाकारांची बेरीज करायची तर वर आणखी ८ बिट हवेत, कारण २५६ म्हणजे २ चा आठवा घात. म्हणूनच संकेतप्रक्रियेसाठी बनवलेल्या अनेक चिपमध्ये बेरीज साठवण्याची जागा ४० बिटांची असते. आजचे अनेक भूकंपमापक २४ बिटांचे पूर्णांक देतात, म्हणजे उणे ८३,८८,६०८ ते ८३,८८,६०७. भारही २४ बिटांचे आणि २५६ असतील, तर बेरीज २ च्या ५४ व्या घातापलीकडे जात नाही. ६४ बिटांत ती निर्धास्त मावते. संकेताची कमाल किंमत आणि भारांच्या निव्वळ किमतींची बेरीज यांचा गुणाकार ही उत्तराची हमखास मर्यादा असते. प्रोग्राम लिहिण्याआधी तो काढलाच पाहिजे.

शेवटी उत्तर पुन्हा १६ बिटांत आणायचे असते. त्यासाठी बेरजेत १६,३८४ मिळवून ती १५ बिट उजवीकडे सरकवतात, म्हणजे ती जवळच्या पूर्ण एककाला येते. हे काम सगळी बेरीज झाल्यावर एकदाच करावे. प्रत्येक गुणाकारानंतर केले तर २५६ छोट्या चुका साचतात. उत्तर मर्यादेबाहेर गेले तर १६ बिटांत ३२,७६७ नंतर थेट उणे ३२,७६८ येते आणि आलेखाचे शिखर दरीत कोसळते. ते टाळण्यासाठी अशी किंमत कमाल आकड्यावरच थांबवतात.

फिक्स्ड-पॉइंटचा खरा गुण बेरजेच्या क्रमात दिसतो. ३२ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंटमध्ये १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर बेरीज तीच राहते. आणखी एक १ मिळवला तरी फरक पडत नाही. पण आधी १ आणि १ मिळवून २ केले आणि मग ते मिळवले, तर उत्तर १,६७,७७,२१८ येते. काम अनेक प्रोसेसरांत वाटले की हा क्रम बदलतो आणि त्याबरोबर शेवटचे आकडेही बदलतात. पूर्णांकांची बेरीज, पुरेशी जागा असेल तर, कोणत्याही क्रमाने तीच येते. धरणाच्या सुरक्षिततेचा हिशेब दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या माणसाने केला तरी तो बिटागणिक जुळावा, अशी अपेक्षा असेल तेव्हा हा गुण अमोल ठरतो.

लांब मालिकांसाठी थेट पद्धत महाग पडते. १,००० आकड्यांच्या दोन मालिकांना १० लाख गुणाकार लागतात. फास्ट फूरिए रूपांतराने हे काम खूप कमी होते, पण त्यातल्या साइन-कोसाइनच्या किमती पूर्णांकी नसल्याने चूक शिरते. तिथे मूळ संख्येच्या बाकीवर चालणारे रूपांतर वापरता येते. त्यासाठी ९९,८२,४४,३५३ ही मूळ संख्या लोकप्रिय आहे. खऱ्या उत्तराची निव्वळ किंमत तिच्या निम्म्यापेक्षा लहान असेल तर ते वेगानेही मिळते आणि अचूकही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एकक ठरलेले असल्यामुळे अगदी क्षीण कंपनाच्या वाट्याला मोजकेच आकडे येतात आणि त्याची सापेक्ष अचूकता घटते. ज्या हिशेबात किमतींचा पल्ला आधी सांगता येत नाही, तिथे फ्लोटिंग-पॉइंटच योग्य. पण संकेत ठरावीक बिटांच्या यंत्रातून येत असेल, भार ठरलेले असतील आणि उत्तराची मर्यादा आधी काढता येत असेल, तर पूर्णांकांतले कॉन्व्होल्यूशन अधिक भरवशाचे. त्यातली प्रत्येक चूक कुठे होते आणि किती मोठी असते, हे लिहिणाऱ्याला कागदावर दाखवता येते.