जुनी गाडी ठेवावी की बदलावी?



उसाचे बिल जमा झाले की कबनूरसारख्या गावात घरोघरी एक विषय निघतो. "दारातली गाडी पेट्रोल लई पिते. ती देऊन कमी पेट्रोलवर पळणारी घेऊया का?" पोरं म्हणतात घेऊया. वडीलधारी म्हणतात, चालतेय तोवर चालू दे. कुणाचे खरे मानायचे? गाडीचे वय बघून हे ठरत नाही. ती वर्षाला किती पळते, यावर ठरते.

आधी मोजून बघा

टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. पंधरा दिवस नेहमीप्रमाणे गाडी वापरा. मग त्याच पंपावर टाकी पुन्हा तशीच भरा. मधल्या काळात पळालेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागा. हा तुमच्या गाडीचा खरा आकडा.

तो कमी आला तर लगेच गिऱ्हाईक शोधू नका. चाकात हवा कमी आहे का, एअर फिल्टर धुळीने भरलाय का, ब्रेक चिकटतोय का, क्लच घसरतोय का, हे मेस्त्रीकडून बघून घ्या. ही कामे नव्या गाडीपुढे किरकोळ खर्चाची आहेत.

आणखी एक गोष्ट. इचलकरंजी आपल्याला लागूनच आहे. थंड इंजिन जादा पेट्रोल खाते, आणि ते तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. अशा जवळच्या फेऱ्यांत नवी गाडीसुद्धा कंपनीने सांगितलेला आकडा देत नाही.

आता हिशेब

समजा, जुनी गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते, दुसरी २० जाईल. सोपे जावे म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. जुनी विकून आलेले पैसे वजा जाता पदरचे ३,४०,००० रुपये घालावे लागतील असे धरू.

गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर पळत असेल, तर जुनीला ५०० लिटर लागते, नवीला ३००. वाचले २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये. दुरुस्तीचे १५,००० वाचतील असे धरले तरी एकूण ३५,०००. पण तेच ३,४०,००० रुपये दहा टक्के व्याजाने काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३४,००० होते! शिवाय नव्या गाडीचा विमा जास्त. म्हणजे पेट्रोल वाचले, पैसा वाचला नाही.

तीच गाडी भाजीपाला घेऊन रोज कोल्हापूरला जाते आणि वर्षाला २४,००० किलोमीटर पळते असे समजा. आता ८०० लिटर, म्हणजे ८०,००० रुपये वाचतात. दुरुस्ती धरून ९५,०००. इथे बदलणे परवडते.

आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा. आणि पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. खताच्या वेळी हात रिकामा राहतो.

सीएनजी गाडीचा विचार असेल, तर रोजच्या वाटेवर पंप आहे का ते आधी बघा. बहुतेक गाड्यांत टाकीमुळे डिकीतली जागा कमी होते आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, हेही धरा.

हिशेब बाजूला ठेवायची वेळ

सांगाडा गंजून कुजला असेल, ब्रेक दुरुस्त करूनही धरत नसतील, स्टिअरिंगला खेळ येत असेल, तर पेट्रोलचा हिशेब करत बसू नका. त्या गाडीत घरची माणसे बसतात. ती मोडीत काढा.

कागदही बघा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २० वर्षांवरील गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त आहे. वर पर्यावरण कर. गाडीची १५ वर्षे भरत आली असतील, तर हा खर्चही वहीत मांडा.

वापरलेली घेताना

२०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या भागात कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी रंग मारून विकायला येऊ शकते. पायाखालची चटई उचला, सीटखालचे लोखंड बघा, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. गाळ, गंज किंवा कुबट वास आला तर स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. पुराच्या पाण्याने खराब झालेल्या वायरिंगचा त्रास मागाहून सुरू होतो.

घाई करू नका. आज मीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या बिलापर्यंत पेट्रोल, दुरुस्ती आणि किलोमीटर यांची नोंद ठेवली, तर गाडीवाल्या दलालाला विचारायची गरज राहणार नाही. वही घेऊन घरातली सगळी एकत्र बसा आणि मग ठरवा.