बोअरिंग, सपाट तळाचे

कार्यवस्तूत आरपार न जाणाऱ्या भोकाला बंद भोक म्हणतात. त्याचा तळ अक्षाशी काटकोनात सपाट करणे हे लेथवरील बोअरिंगचे एक कसोटीचे काम आहे. बेअरिंगची बैठक, दट्ट्याची टोपी इत्यादींसाठी असे भोक लागते. नेहमीच्या गिरमिटाच्या टोकाचा कोन ११८° असल्यामुळे त्याने पाडलेल्या भोकाचा तळ शंकूच्या आकाराचा राहतो. या शंकूची उंची व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते. म्हणून गिरमिटाचे टोक इच्छित खोलीच्या किंचित अलीकडे थांबवितात आणि पुढील काम एकधारी हत्याराने करतात.

जॉन विल्किन्सन यांनी १७७४ मध्ये भरीव ओतलेली तोफ फिरवून स्थिर दांडीने कोरण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. वॉट यांच्या वाफेच्या एंजिनाचा सिलिंडर कोरताना त्यांनी दांडीला दोन्ही टोकांशी आधार दिला. बंद भोकात मात्र दांडीला एकाच टोकाशी आधार मिळतो. तिची बाहेर आलेली लांबी दुप्पट झाल्यास त्याच बलाने होणारा बाक आठपट होतो. उलट व्यास दुप्पट केल्यास तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. हदगावसारख्या तालुक्याच्या गावातील लहान कर्मशाळेत वा हौशी कारागिराकडे असलेल्या हलक्या लेथवर म्हणूनच दांडी शक्य तितकी जाड व आखूड धरणे आवश्यक असते.

जाडीलाही मर्यादा आहे. हत्याराचे टोक तळाच्या केंद्रापर्यंत पोहोचले पाहिजे. त्यासाठी टोकापासून दांडीच्या पाठीपर्यंतचे अंतर भोकाच्या त्रिज्येपेक्षा कमी हवे. २० मिमी. व्यासाच्या भोकात ते १० मिमी.पेक्षा कमी ठेवावे लागते. तळाला फक्त टोकच लागावे म्हणून पुढील धार मागे कललेली ठेवतात. टोक अचूक केंद्राच्या उंचीवर नसल्यास तळाच्या मध्यभागी बोंडी शिल्लक राहते.

भोकाची बाजू कापताना तळाशी थोडी धातू राखून ठेवतात. तळ दिसत नसल्यामुळे खोलीची खूण दांडीवर करतात व कॅरेजला अडसर लावतात. स्वयंचलित सरक तळाच्या एक-दोन मिमी. अलीकडेच बंद करून उरलेले अंतर हातचाकाने कापतात. अन्यथा हत्यार तळात रुतून मोडते किंवा कार्यवस्तू चकातून निसटते. पूर्ण खोली गाठल्यावर क्रॉस स्लाइडने हत्यार भिंतीकडून केंद्राकडे आणून तळ सपाट करतात. साठलेला कीस यंत्र थांबवून ब्रशाने काढतात. बोट घालणे धोक्याचे असते.

हत्याराच्या टोकाच्या गोलाईमुळे भिंत व तळ यांमधील कोपरा थोडा गोल राहतो. बेअरिंग तळाला पूर्ण टेकावे लागत असल्यास तेथे बारीक खाच घेतात. [→ लेथ].